खालून वाजणारी काठी

आमच्या वहिनीच्या ओठांत टाचण्या असल्या की तिच्याशी बोलण्यात काही अर्थ नसतो. चार-पाच टाचण्या धरून ती कापडाकडे बघत बसते. तुम्ही वाटेल ते विचारा, हूं नाही की चूं नाही. नव्या माणसाला वाटतं, बाई गरीब आहे बिचारी. ती लग्न होऊन आमच्या घरात आली तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, आणि मी जरा दादागिरी करायला सुरुवातही केली होती. मग हळूहळू कळलं, की त्या वेळात तिचं आतल्या आत ठरत असतं. टाचण्या ओठांतून निघून शिवणाच्या छोट्या उशीत खोचल्या गेल्या की विषय संपला. मग समोरच्याने डोकं आपटून घेतलं तरी ती जागची हलत नाही.

मी तिची नणंद. माझा संसार काही टिकला नाही, त्याची कहाणी इथे नको. मी भावाकडे आले आणि इथलीच झाले. भाऊ, म्हणजे आमचा दादा, जहाजावर इंजिनखोलीत काम करतो. वर्षातले बरेच महिने पाण्यावर. त्यामुळे घरात आम्ही दोघीच. वहिनी शिवते, मी काजं-बटणं करते, दोरे कापते, इस्त्री फिरवते. आणि भांडणं असतील तर तीही मीच करते, तिच्या वाटणीची धरून. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, त्यात खोटं काही नव्हतं.

वर्षानुवर्षं वहिनीने पायाच्या मशीनवर शिवलं. गुडघे बोलायला लागले तेव्हा तिने एका बंद पडलेल्या कारखान्यातलं मोटरवालं मशीन आणलं. चार माणसांनी ते दुसऱ्या मजल्यावर चढवलं तेव्हा ही प्रत्येक वळणावर पुढे उभी, जिन्याचा कठडा एका हाताने धरून, जणू मशीन घसरलं तर ती एकटी अडवणार होती. त्या मशीनवर हॉस्पिटलचं काम मिळालं. पडदे, चादरी, नर्सबाईंचे गणवेश. काम चांगलं लागलं, आणि एके दिवशी टाचण्या उशीत खोचून ती दादाला फोनवर म्हणाली, की या खेपेनंतर परत जाऊ नका, आता घरी या, आपलं भागेल. दादाने तिला ते परत एकदा म्हणायला लावलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ही दोघं सलग एक वर्ष काही एका छताखाली राहिलेली नाहीत. तर मशीन म्हणजे आमच्या घरात नुसतं मशीन नव्हतं. ते चाललं तर दादा घरी येणार होता.

आणि तेच मशीन खाली कुणाला तरी खुपायला लागलं.

आमच्या बरोबर खाली घड्याळं दुरुस्त करणारे काका राहतात. एकटेच. बाजारातलं दुकान सोडल्यापासून खिडकीपाशी टेबल टाकून तिथेच काम करतात. डोळ्याला भिंग, समोर पांढरा कागद, कागदावर चिमूटभर पितळ. सगळी बिल्डिंग त्यांना पाठीमागे टिकटिककाका म्हणते, तोंडावर नुसतं काका. माणूस तसा कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण वहिनीचं मशीन सुरू झालं की खालून काठी वाजायची. गुडघ्यासाठी म्हणून घेतलेली काठी, ती ते छताला ठोकायचे. ठक, ठक, ठक. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, आणि ती काठी माझ्या तळपायाखालीच वाजत असल्यामुळे आगीला फार लांबचा प्रवासही नव्हता. मी खलबत्त्यातला बत्ता घेऊन वरून उत्तर द्यायची. त्यांचे तीन, तर माझे सहा. मला त्याची आजही लाज वाटत नाही.

वहिनीने एकदा बत्ता माझ्या हातातून काढून घेतला, चपला घातल्या आणि मला म्हणाली, "वन्सं, मी खाली जाते. तुम्ही मशीन चालवा. नेहमीसारखं, पूर्ण जोरात."

पुढचं तिनेच मला सांगितलं. काका आधी दारातच कुरकुरले, पण दारात आलेल्या माणसाला उभं ठेवायची त्यांची रीत नाही. त्यांनी तिला टेबलापाशी बसवलं, पाण्याचा पेला भरून समोर ठेवला. वर मी मशीन दामटत होते. वहिनीने पाहिलं, की पेल्यातल्या पाण्यावर बारीक बारीक वलयं उठतायत, आणि पांढऱ्या कागदावरचा तिळाहून बारीक स्क्रू हळूहळू सरकत कडेला चाललाय. भिंग वर करून काका तिच्याकडे बघत होते.

ती वर आली आणि म्हणाली, चूक आपली आहे. मी म्हटलं, झालं, आता हिनेच पलटी खाल्ली. पण ती माझ्याशी वाद घालायच्या भानगडीत पडली नाही. तिने मशीनच्या मेकॅनिकला बोलावलं, स्टँडचे ढिले बोल्ट आवळून घेतले. पायांखाली जाड रबर घातलं. तरी पाणी हललं. मग रबराखाली फळी आणि फळीखाली जुनी सतरंजी. तरी थोडं हललं. शेवटी तिला काय सुचलं, तर मशीन खोलीच्या मधोमध नकोच, कोपऱ्यात, जिथे बरोबर खाली भिंत येते तिथे हवं. तिथे उजेड कमी. माझे डोळे फुटायची वेळ येणार होती, हे मी बोलून दाखवलं. तिने दिवा आणून लावला. आणि प्रत्येक वेळी, न चुकता, ती खाली जाऊन टेबलापाशी बसायची आणि मी वर मशीन चालवायची. काका प्रत्येक वेळी पेला भरून ठेवायचे. मला तर वाटायला लागलं, की हिला त्या पाण्याचीच ओढ लागलीय.

कोपऱ्यात हलवल्यावर ती खालून आली आणि काही न बोलता कापड पुढे ओढून बसली. ओठांत टाचण्या. मी विचारलं, पाणी हललं का? नाही म्हणून मान हलवली. मग झालं तर, मी म्हटलं, सुटलो एकदाचे.

आणि दुसऱ्या दिवशी परत काठी वाजली.

या वेळी काका काठीवर थांबले नाहीत. त्यांनी हेडबाईंकडे तक्रार केली. हेडबाई म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या, शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्या आणि आमच्या बिल्डिंगच्या अध्यक्ष झाल्या. त्यांच्यासमोर मोठी मोठी माणसं गृहपाठ विसरल्यासारखी उभी राहतात. रविवारी मीटिंग ठरली. घरात मोटरवालं मशीन चालवू द्यायचं की नाही, हा एकच विषय. नाही म्हणाले असते तर मशीन विकण्याशिवाय गत्यंतर नव्हतं. बाहेर जागा घेऊन काम करावं एवढी आमची ऐपत कधीच नव्हती. त्याच आठवड्यात दादाचा फोन आला, की कंपनी पुढच्या खेपेचं विचारतेय, हो म्हणू की नाही. वहिनी म्हणाली, थोडं थांबा, सांगते. फोन ठेवल्यावर मी तिच्याकडे बघत राहिले, पण तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मीटिंगच्या आदल्या दिवशी जेवताना मी काकांना यथेच्छ शिव्या घालत होते. पाणी हलत नाही, स्क्रू सरकत नाही, मग म्हाताऱ्याला हवंय तरी काय? दुसऱ्याचं बरं चाललेलं बघवत नाही, दुसरं काय! तेव्हा वहिनीने ताट बाजूला सारलं आणि सांगितलं. त्या शेवटच्या दिवशी पेल्यातलं पाणी आरशासारखं स्थिर होतं. कागदावरचा स्क्रूही जागच्या जागी. काकांनी चिमटा उचलला, स्क्रू धरायला गेले, आणि चिमट्याचं टोक थरथरत होतं. त्यांनी दोनदा प्रयत्न केला, मग चिमटा खाली ठेवला आणि छताकडे बघून म्हणाले, बघ, अजून हलतंय.

मला हे ऐकून काय आनंद झाला म्हणून सांगू! मी टाळीच वाजवली. उद्या भर मीटिंगमध्ये सांगते, म्हटलं, मशीनला काही झालेलं नाही, तुमचा हातच गेलाय. पाण्याचा पेला मधे ठेवूनच दाखवते सगळ्यांना.

"कुणाला सांगायचं नाही," वहिनी म्हणाली.

मी म्हटलं, वेड लागलंय का? दादाचं काय? ती म्हणाली, हात थरथरतो असं एकदा कानावर गेलं, की त्यांच्याकडे घड्याळ कोण आणून देणार? त्या माणसाला दुसरं काही येत नाही आणि दुसरं कुणी नाही. मी म्हटलं, मग तो खोटं बोलतोय त्याचं काय? त्यावर ती जे म्हणाली ते माझ्या लक्षात राहिलंय. "खोटं नाही बोलत, वन्सं. घाबरलेत. आधी खरंच आपलं मशीन हलवत होतं ना. त्यांना वाटतंय, अजूनही तेच असावं. असलं तर बरं, असं वाटतंय त्यांना."

मीटिंग खाली गाड्या लावतात तिथे भरली. काका खुर्चीत, काठी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली. आता मला कळत होतं, की ती का धरलीय. हेडबाईंनी वहिनीला विचारलं, की तुमचं काय म्हणणं आहे. माझ्या जिभेच्या टोकाशी सगळं आलं होतं. मी उठायला लागले आणि वहिनीने माझं मनगट असं धरलं, की बांगडी रुतली. मग ती उभी राहिली. ती चारचौघांत बोलते तेव्हा आवाज चढवत नाही, त्यामुळे सगळ्यांना गप्प बसून ऐकावं लागतं. म्हणाली, काकांची तक्रार आहे ना, मग मी उद्यापासून आठ दिवस मशीन पूर्ण बंद ठेवते. आठ दिवसांनी काकांनीच इथे येऊन सांगावं, फरक पडला की नाही. ते म्हणाले पडला, तर मशीन मी त्याच दिवशी काढून टाकीन. कुणाचं एक अक्षर ऐकून घ्यायला थांबणार नाही.

हेडबाईंनी काकांकडे पाहिलं. काकांनी मान हलवली. पण त्यांचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता.

घरी आल्यावर मी वहिनीवर तोंडाचा पट्टा सोडला. हातातला डाव असा उधळून देतं का कुणी? तो म्हातारा आठ दिवसांनी म्हणाला, हो, फार बरं वाटलं, तर? दादाला काय तोंड दाखवणार आहेस? ती म्हणाली, माझी त्यांच्याशी पाण्याच्या पेल्यावरची ओळख झालीय, तो माणूस तसं म्हणणार नाही. आणि म्हणाला तर मशीन जाईल. आणि ती कात्री घेऊन बसली.

आठ दिवस तिने नुसतं कापलं. हॉस्पिटलच्या चादरींचे सगळे तागे, गणवेशांचे सगळे भाग, बाह्या, कॉलर, खिसे, दोऱ्यांनी बांधून गठ्ठ्यावर गठ्ठे. कात्रीला कुठे आवाज असतो? मशीन सुरू झालं की नुसतं जोडत जायचं, असा तिचा हिशोब. मीही काजं हाताने करत बसले. घर इतकं शांत झालं, की आम्हाला पहिल्यांदा खालचं ऐकू यायला लागलं.

आधी मला कळेना कसला आवाज आहे. काहीतरी बारीक फरशीवर पडल्याचा. मग खुर्ची मागे सरकल्याचा. मग बराच वेळ काही नाही. मग खुर्ची पुढे. आणि परत तेच. दिवसभर. काका स्क्रू शोधत होते. गुडघ्याचं दुखणं घेऊन, जमिनीवर बसून, भिंग लावून, तिळाहून बारीक स्क्रू. वर चिटपाखरू हलत नव्हतं. दोष द्यायला आता काहीच उरलं नव्हतं त्यांच्याकडे. वहिनी ऐकत बसायची, ओठांत टाचण्या घेऊन. मीसुद्धा ऐकायची, आणि खरं सांगते, बत्त्याकडे माझा हात एकदाही गेला नाही. माझा राग कुठे गेला तेच मला कळेना. राग आला नाही याचाच मला राग यायला लागला.

आठवड्याच्या शेवटाशी, भर दुपारी, दाराची कडी वाजली. काका होते. जिना चढून आलेले, त्यामुळे धापा टाकत. काठी काखेत अडकवलेली आणि दोन्ही हातांत एक छोटा ट्रे, त्यावर काचेचं झाकण. झाकण ट्रेवर किणकिणत होतं. मी पुढे होऊन ट्रे घेतला. तेव्हा कुठे किणकिण थांबली. आम्ही तिघांनीही ती थांबलेली ऐकली.

त्यांना बसवलं. पाण्याचा पेला मी भरून आणला. ते खोलीभर बघत होते, कोपऱ्यातल्या झाकून ठेवलेल्या मशीनकडे, त्याच्या खालच्या रबराकडे, फळीकडे, सतरंजीकडे. एवढं सगळं वर करून ठेवलंय हे त्यांना माहीतच नव्हतं. मग म्हणाले, "मशीन चालू कर, पोरी. मशीनचं काही नाही."

वहिनी म्हणाली, "माहीत आहे, काका."

त्यांनी विचारलं, कधीपासून? तिने खरं ते सांगितलं. ते पेल्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, की मीटिंगमध्ये बोलली असतीस तर तिथल्या तिथे मोकळी झाली असतीस. वहिनीने उशी जवळ ओढली, हातातल्या टाचण्या एकेक करून तिच्यात खोचल्या.

"मशीन मला हवंच आहे," ती म्हणाली. "माझा माणूस घरी यायचाय त्याच्यावर. पण ते तुम्ही हो म्हणून हवं होतं. तुम्हाला खाली मान घालायला लावून नको होतं."

काका रडले. आवाज न करता, भिंग कपाळावर सरकवलेलं तसंच. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, ते मी बटणं शोधायच्या निमित्ताने पुसलं. मग त्यांनी ट्रेवरचं झाकण काढलं. एक मनगटी घड्याळ होतं, उघडलेलं. संध्याकाळी माणूस न्यायला येणार होता. सगळं झालं होतं, फक्त शेवटचा स्क्रू बसत नव्हता. दिवसभर बसवतोय, म्हणाले, आणि दिवसभर तो पडतोय.

वहिनीने दिव्याखाली ट्रे ओढला. चिमटा कसा धरायचा, हे विचारलं. त्यांनी सांगितलं, सुईसारखा नाही, जरा आडवा, जोर नाही द्यायचा, श्वास सोडून झाल्यावर ठेवायचा. सुईत दोरा ओवताना ती अशीच श्वास धरते, मी इतकी वर्षं बघत आलेय. पहिल्यांदा स्क्रू तिरका बसला. काका म्हणाले, परत काढ, घाई नाही. दुसऱ्यांदा बसला. त्यांनी घड्याळ कानाशी नेलं. हात थरथरत होता, घड्याळ मात्र व्यवस्थित चाललं होतं.

रविवारी परत मीटिंग झाली. वहिनी बोलायला उठणार त्याआधी काका उठले, काठीवर भार टाकून. हेडबाई म्हणाल्या, बसून बोला. ते म्हणाले, नाही, उभ्यानेच सांगतो. मशीन आता हलत नाही, माझा हात हलतो. तक्रार मागे घेतो. सगळे खाली बघायला लागले. मग मागून कुणीतरी विचारलंच, की काका, मग आमची घड्याळं? माझं पित्त खवळलं, पण काकाच म्हणाले, की दुरुस्ती मीच करणार, शेवटचे स्क्रू वरच्या मजल्यावरच्या वहिनी बसवतात. हे सांगताना त्यांची मान ताठ होती. हेडबाईंनी चष्मा काढून पुसला आणि विषय संपला असं जाहीर केलं. त्याच संध्याकाळी दादाचा फोन आला, तेव्हा वहिनीने त्याला एकच शब्द सांगितला: "या."

दादा आता घरीच असतो. मशीनला तेल तो घालतो. जहाजाच्या इंजिनानंतर हे म्हणजे खेळणं आहे असं म्हणतो आणि तरी रोज एक तास त्यातच घालवतो. काकांची गिऱ्हाइकं काही तुटली, काही राहिली, काही नवी आली.

परवा शेजारच्या रिकाम्या खोलीत नवा भाडेकरू आला. दुसऱ्याच दिवशी दारात हजर. कपाळाला आठ्या. मशीनचं म्हणाला, चालायचं, पण खालून कुणीतरी दिवसातून दहादा छताला काठी ठोकतं, हा काय प्रकार आहे, तुम्ही तक्रार का नाही करत? मी पदर खोचला. त्याला चांगलं सुनावणार होते, पण तेवढ्यात खालून काठी वाजली. ठक, ठक. वहिनीने मशीन थांबवलं, ओठांतल्या टाचण्या उशीत खोचल्या, त्याच्या बाजूने वाट काढत म्हणाली, "जरा सरका हं, मला बोलावतायत," आणि चपला घालून जिना उतरायला लागली.